न दिसलेला ब

"घरात आणखी कोणी बोलताना अडखळतं का? आजोबा, काका, आत्या... कोणीही?"

स्पीच थेरपीच्या ताईंनी हे अगदी सहज विचारलं. त्या चटईवर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर मौनीची आठ वर्षांची लेक ठोकळ्यांचा पूल बांधत होती. मौनी आणि त्याची बायको भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसले होते. बायकोनं क्षणाचाही वेळ लावला नाही.

"छे हो! माझ्या माहेरी तर सगळे एकदम बोलतात, ऐकायलाच कोणी उरत नाही."

ताई हसल्या आणि मौनीकडे वळल्या. "आणि तुमच्याकडे?"

मौनीनं मान हलवली. नाही.

खोटं बोलायला त्याला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही, मानेवरच भागलं. पण त्याच वेळी पुलावरून एक ठोकळा घसरला, लेकीनं मान वर केली आणि तिची नजर नेमकी त्याच्या नजरेला भिडली. तिला काही कळलेलं नव्हतं, तरी मौनीचे कान तापले. घरी पोचेपर्यंत ते तसेच तापलेले होते.

मौनी एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायचा. नंबरच्या गोल लेन्स फ्रेमच्या आकाराला घासायच्या, कडा कातरायच्या, मध्यबिंदू डोळ्यातल्या बाहुलीसमोर येईल अशा बसवायच्या. केसाएवढी चूक झाली तरी गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. त्याच्या हातची जोडी कधी परत आली नाही. मालकांनी त्याला दोनदा पुढच्या काउंटरवर बसायला सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो हसून मशीनकडे परत गेला. "माणूस साधा आहे, पुढे पुढे करणं त्याच्या रक्तातच नाही," असं मालक कौतुकानं सांगायचे. काउंटरवरच्या पोऱ्यानं, म्हणजे तिशीतल्या त्या बोलघेवड्या गड्यानं, त्याला मौनीबाबा हे नाव ठेवलं. हळूहळू त्याचं मौनी झालं.

खरी गोष्ट एवढीच होती की घासायच्या चाकाचा आवाज मोठा असतो. त्या आवाजात कोणी कोणाशी बोलत नाही.

लहानपणापासून क त्याच्या घशात अडकायचा. बाकीची अक्षरं कधी रुसायची, कधी मानायची, पण क मात्र दारच उघडायचा नाही. वर्गात बाईंनी उभं केलं की जबडा लॉक व्हायचा, डोळे आपोआप मिटायचे, आणि मागच्या बाकावरून कोंबड्याचा आवाज यायचा. मिसरूड फुटायच्या आधीच त्यानं स्वतःच एक युक्ती शोधून काढली. शब्द तोंडाशी यायच्या आधी दोन पावलं लांबून दिसतो. सायकलवरून जाताना खड्डा दिसावा, तसा. मग हँडल वळवायचं. 'काच' म्हणायचं नाही, 'लेन्स' म्हणायचं. लोकांना वाटायचं, गडी कामात फार पक्का आहे, बोलतोसुद्धा तांत्रिक. 'कमी' नाही, 'थोडं'. काकांना 'अहो'. चहा त्याला मनापासून आवडत नव्हता, पण हॉटेलात पहिल्यांदा बसला तेव्हा 'चहा' तोंडातून निघाला आणि 'कॉफी' निघणार नव्हती. तेव्हापासून तो चहा पीत होता. लग्नानंतर बायको रोज सकाळी मोठ्या प्रेमानं आल्याचा चहा करायची, आणि तो रोज कपाच्या तळापर्यंत पोचायचा.

आणि विचारायचं म्हटलं की क आलाच. काय, का, कधी, कुठे, कोण, कसं, किती. मौनीनं विचारणंच सोडून दिलं. शेजारीपाजारी म्हणायचे, माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको एका कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर फोनवर बोलून घरी यायची आणि सुरुवातीच्या काळात चिडून म्हणायची, "तुम्हाला माझी चौकशी म्हणून नाही. मी ऑफिसातून आले काय आणि पिशवी आली काय, सारखंच!" तो पिशवी हातातून घ्यायचा, पाण्याचा ग्लास पुढे करायचा. पुढे तिनं म्हणणं सोडलं.

तिला ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. हे लपवणं इतकं बेमालूम होतं की त्याला स्वतःलाही कधी कधी वाटायचं, आपण बरे झालो.

मग लेक बोलायला लागली. घरात तिचं नाव टकळी पडलं, कारण ती डोळा उघडल्यापासून झोपेपर्यंत बोलायची. शाळेत गेल्यावर काही दिवसांनी टकळी 'ब'वर आणि 'म'वर अडकायला लागली. "आई, आज बा-बा-बा-बाईंनी..." मौनीनं ते लगेच ओळखलं. आपलं नाक तिला गेलं होतं, कपाळ गेलं होतं, त्याबरोबर हेही गेलं होतं.

दुसऱ्या भेटीत बायकोनं ताईंना स्पष्टच विचारलं.

"आम्ही तिला सांगतो, हळू बोल, श्वास घे. तरी फरक नाही. हे जाणार कधी?"

"ते सांगू नका तिला," ताई म्हणाल्या. "तिला वाटतं, मी काय बोलते ते कोणी ऐकतच नाही, कसं बोलते तेवढंच बघतात. जाईल की राहील, ते मी सांगू शकत नाही. राहिलं तर ते तिचं बोलणं. मला ते पुसायचं नाहीये. अडकत का होईना, मनात आहे ते सगळं तिनं बोलावं, एवढंच मी बघते."

"अहो, मग आम्ही इथं येतो कशाला? अडखळायला ती घरीच शिकलीय की!"

ताई मोकळेपणानं हसल्या. मग म्हणाल्या, "परवा तिनं मला एक प्रश्न विचारला. मोठी झाल्यावर अशी माणसं कुठे जातात? मला आधी कळलंच नाही. तिनं आजवर अडखळणारं एकही मोठं माणूस बघितलेलं नाही. तिला वाटतं, त्यांना कुठेतरी ठेवून देत असतील. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर घेऊन या. तिच्याशी नुसत्या गप्पा मारायला."

"ओळखीत...?" बायकोनं खरोखर आठवून बघितलं. "नाही बाई कोणी."

मौनी आपल्या नखांकडे बघत होता. नखांत लेन्सची पांढरी पूड होती. कुठे जातात, ते त्याला पक्कं माहीत होतं. मागच्या खोलीत जातात.

एवढं कळूनही त्यानं केलं ते भलतंच. त्याला वाटलं, दुखणं आपण दिलं, तर त्याचा उताराही आपणच द्यावा, आणि तो गुपचूप देता आला तर आणखी बरं. लेकीला स्कूटरवरून शाळेत सोडताना तो म्हणाला, "टकळे, तुला एक जादू शिकवतो. अवघड शब्द दिसला, तर त्याच्या अंगावर जायचं नाही. बाजूने निघून जायचं."

"म्हणजे कसं?"

"समजा, मामा म्हणायचंय. 'आईचा भाऊ' म्हण."

"आणि ब-ब-बाई?"

"टीचर म्हण. जमलं नाही, तर ठाऊक नाही म्हणायचं आणि खाली बसायचं. लोक विसरतात."

"तुम्हाला कोणी शिकवलं?"

"अशीच सुचली. आपल्या दोघांचीच हं. आईला नाही, त्या ताईंनाही नाही."

पोरगी तल्लख होती. तिनं महिन्याभरात सगळं उचललं. घरात बोलणं गुळगुळीत झालं. बायकोनं आपल्या बहिणीला फोन करून सांगितलं, "अगं, गेलं एकदाचं!" मौनीला त्या दिवशी अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा आपली ही विद्या कुणाच्या उपयोगी पडली, असं त्याच्या मनात आलं.

फक्त एक झालं. टकळी त्याला बाबा म्हणेनाशी झाली. 'बाबा'ला दुसरा शब्द तिला सापडला नव्हता, म्हणून ती आईसारखंच "अहो, ऐका ना" म्हणायला लागली. बायको पोट धरून हसली, "बघा कशी माझी नक्कल करते!" मौनीही हसला.

आणि तिच्या नावात आता काही अर्थ राहिला नव्हता. ती मोजकं बोलायची. ताईंच्या हे लगेच लक्षात आलं. "ती आता अडकत नाही," त्या म्हणाल्या, "पण बोलण्याच्या मध्येच तिचे डोळे कुठेतरी जातात, आणि ती जे सांगायला सुरुवात करते ते सांगत नाही, दुसरंच काहीतरी सांगते. तिला कोणी काही शिकवतंय का?" बायको म्हणाली, नाही हो. मौनीनं पुन्हा मान हलवली. ही मान आता इतकी सरावली होती की तिला त्याची परवानगीही लागत नव्हती.

मग शाळेत डोळ्यांची तपासणी झाली. तपासणी मौनीच्याच दुकानानं ठेवली होती. दुकानात डोळे तपासायला बसणारे सर तक्ता घेऊन शाळेत गेले होते. दुसऱ्या दिवशी ते मागच्या खोलीत आले आणि त्यांनी मशीन बंद करायची खूण केली.

"मौनी, तुझ्या लेकीचं कोडं काही सुटत नाही बुवा. मशीन म्हणतं, नंबर शून्य. आणि ही म्हणते, दिसत नाही. बरं, खालच्या ओळीतला बारका ल धडधडीत वाचला. वरच्या ओळीतला भलामोठा ब दाखवला, तर म्हणे दिसत नाही. म दाखवला, तेच."

काउंटरवरचा दारातून डोकावला. "चष्मेवाल्याची पोर आहे सर, चष्म्याची हौस असणारच! आमच्या मौनीबाबानं लाडानं एखादी गुलाबी फ्रेम कबूल केली असेल."

"हौस असेल तर ठीक," सर म्हणाले. "नसेल, तर डोळ्यात थेंब टाकून आतला पडदा बघून घ्यावा लागेल. मोठ्या दवाखान्यात दाखवू. मी आत्ताच तिच्या आईला फोन केलाय."

मौनीच्या हातात अर्धवट घासलेली लेन्स होती. त्याला सगळं तिथल्या तिथे कळलं. शब्दाला दुसरा शब्द असतो. अक्षराला दुसरं अक्षर नसतं. बाजूने जायला वाट नव्हती, म्हणून पोरीनं तिला शिकवलेलं शेवटचं हत्यार काढलं होतं. ठाऊक नाही म्हणायचं आणि खाली बसायचं. त्यानं तोंड उघडलं. मग म्हणाला, "बघू." आणि मशीन चालू केलं. त्या लेन्सची कड उडाली. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

घरी बायको रडून लाल झाली होती. "खरं सांग बाळा, दिसतं की नाही? अंधारी येते का? डोकं दुखतं का?" टकळी खाली बघून म्हणाली, "नाही दिसत." मग तिनं चोरून बापाकडे बघितलं. ती त्यांचं गुपित सांभाळत होती. तिला कोणी कितीही खोदून विचारलं असतं, तरी तिनं ते फोडलं नसतं. मौनी मोरीत गेला आणि उगाचच नळ सोडून उभा राहिला.

रात्रभर कूस बदलून त्याला एक पळवाट सापडली. दुकानात वाचता न येणाऱ्यांसाठी आणखी एक तक्ता असतो. त्यावर तीन दात्यांची, इंग्रजी E सारखी एकच खूण वेगवेगळ्या तोंडानं छापलेली असते. दाते ज्या दिशेला, त्या दिशेला हात करायचा. तोंड उघडावंच लागत नाही.

दुकान बंद व्हायच्या वेळेला तो बायकोला आणि लेकीला घेऊन गेला. "सर, हाताने दाखवायचा तक्ता लावू या."

"अरे, ती आठ वर्षांची घोडी आहे. अक्षरं येतात तिला!"

"तरी लावू या."

टकळी खुर्चीत बसली. सरांनी एकेका खुणेवर छडी ठेवायला सुरुवात केली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तिचा हात घड्याळाच्या काट्यासारखा अचूक फिरत शेवटच्या, माशीच्या पायाएवढ्या ओळीपर्यंत पोचला. सरांनी छडी खाली ठेवली.

"घारीचे डोळे आहेत हो हिचे! मग त्या दिवशी काय झालं होतं गं?"

मौनीनं सुस्कारा सोडला. सुटलो, असं त्याला वाटलं. पण तोवर बायकोच्या डोळ्यांतलं पाणी आटून तिथे राग आला होता.

"म्हणजे खोटं बोललीस तू? आईला रडवलंस? चष्म्याच्या हौसेपायी?"

टकळी खुर्चीतून उतरली. तिनं एकदा बापाकडे बघितलं, मग झटकन नजर काढून घेतली. तो पकडला जाऊ नये म्हणून.

"हो," ती म्हणाली, एकदम गुळगुळीत. "हौस होती. चुकलं."

काउंटरवरचा खिदळला. "मी सांगत नव्हतो!"

मौनीला वाटलं, पायाखालची फरशी दुभंगावी आणि आपण खाली जावं. त्याच्यासाठी ती खोटारडी ठरायला तयार झाली होती, आणि तेही किती सफाईनं. ही पण आपल्याच हातची जोडी, त्याच्या मनात आलं, बिनचूक. तो उठला आणि त्या खुर्चीत जाऊन बसला.

"सर, अक्षरांचा तक्ता लावा. मला वाचायचंय."

"तुझं काय मध्येच?"

"लावा."

सरांनी तक्ता बदलला. मौनीनं वाचलं, "ब." खालची ओळ. "ग. न." त्याच्या खालच्या ओळीच्या सुरुवातीला तो होता. बोटभर उंच, काळाकुळकुळीत. हा तक्ता याच खुर्चीसमोर वर्षानुवर्षं टांगलेला होता आणि मौनी कधी त्याच्यासमोर बसला नव्हता.

जबडा लॉक झाला. मान ताठ झाली, डोळे मिटले, गळ्याची शीर वर आली. घशातून नुसता हवा अडल्याचा आवाज येत राहिला. बायको दोन पावलं पुढे आली, तिला वाटलं, त्याला काहीतरी होतंय. काउंटरवरचा आधी हसला. "वा मौनीबाबा, नक्कल तर..." मग त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. मदत करावी म्हणून तो म्हणाला, "क आहे तो, क!"

"तुम्ही नका सांगू!" टकळी त्याच्या अंगावर ओरडली. "त्यांचं अक्षर आहे ते!"

ती खुर्चीजवळ आली. "बा-बा-बा-बाबा, दिसतंय ना?"

मौनीनं डोळे उघडले. "दिसतंय. येत नाहीये."

"म-मग मी थांबते," ती म्हणाली, आणि खरंच थांबली. ताई त्यांच्या खोलीत तिच्यासाठी जशा थांबत, तशी.

"क्... क्-क्-क... क."

एवढंसं अक्षर, पण मौनी घामानं निथळला होता. लाजेनं त्याला मान वर करवेना. सर छडीशी चाळा करत होते. टकळीनं तक्त्याकडे हात केला आणि आईकडे बघत म्हणाली, "म-मलाही दिसत होता. हा ब-ब-ब. आणि तो म्-म-म."

बायकोनं पर्स खांद्याला लावली आणि बाहेर स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली.

घरी टकळी झोपल्यावर बायकोनं ओट्यापाशी उभं राहून एकेक आठवायला सुरुवात केली, त्याच्याकडे पाठ करूनच. "दादाच्या मुलाच्या बारशाला फोन करायचा होता, तर तुमचा घसा बसला होता. घर बघायला गेलो, तर भाडं मी विचारलं. माझं ऑपरेशन झालं, डोळे उघडले, तुम्ही समोर बसला होतात. तीन तास. कशी आहेस, एवढंसुद्धा विचारलं नाहीत. मी समजले, याला माझं काही नाही." तिचा आवाज फाटला. "अडखळता म्हणून मी टाकलं असतं का तुम्हाला? हे एवढंच ओळखलंत मला?"

मौनीजवळ उत्तर होतं, पण ते क पासून सुरू होत होतं.

"पोरीलासुद्धा तेच शिकवलंत."

"हो," तो म्हणाला.

"आणखी काय काय आहे?"

मौनीनं ओट्यावरच्या चहाच्या डब्याकडे बोट दाखवलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं कपाळावर हात मारला. "आवडत नाही? इतकी वर्षं? अहो, मी त्यात आलं किसून घालत होते!" क्षणभर तिला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. "उद्यापासून मी आपणहून काही देणार नाही. तोंडानं मागाल तेच मिळेल."

सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बायको गॅससमोर होती. शाळेचा एकच मोजा घातलेली टकळी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. उद्या ताईंकडे जायचं होतं, आणि आपल्या ओळखीतलं एक मोठं माणूस आणणार, असं तिनं आईला आधीच सांगून ठेवलं होतं. मौनीचा चेहरा लाजेनं जळत होता. बाजूची वाट समोर होती, नेहमीसारखी मोकळी. चहा.

"मला क्..." तो म्हणाला, आणि अडकला.

पातेल्यातलं दूध वर आलं. बायकोनं वळून न बघता आच बारीक केली आणि हातातला चमचा तसाच धरून उभी राहिली. चहाच्या डब्याला तिनं अजून हात लावला नव्हता.